दुष्काळात ताटातून काय जातं?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो. पर्जन्यछायेतल्या पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरला मात्र टँकरची वाट पाहावी लागते.

● ज्वारी : रब्बीची मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. तो हुकला की घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा दोन्ही जातात.

● दूध : वैरण महागली की दुभत्या गाईला बाजार दाखवावा लागतो. दुधाचा पगार थांबतो, किराणा उधारीवर येतो. मग डाळ पातळ होते, भाजीच्या जागी ठेचा येतो.

● १९७२चा दुष्काळ : लोकांनी खडी फोडली, आयात केलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा राज्यभर उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७च्या कायद्याने हक्क बनली.

● रेशन : २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. पोटाला आधार होतो. दूध-भाजीचा प्रश्न उरतोच.

● हिवरे बाजार (ता. नगर) : पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं, जनावरं; मग पिकं. शेतीसाठी बोअरला बंदी.

● कोंभाळणे (ता. अकोले) : राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुष्काळाच्या पाहणीत शिवारातल्या पिकांबरोबर घरोघरच्या कणग्याही पाहिल्या पाहिजेत. मदत चाऱ्यापाण्यापाशी थांबता कामा नये. ती चुलीपर्यंत पोचली पाहिजे.