उड्डाणपूल, बस की मेट्रो?
वर्दळीच्या रस्त्यासाठी पर्याय निवडताना नुसता बांधकामाचा खर्च पाहिला तर हिशेब फसतो. देखभाल, चालक-वाहकांचे पगार, जागेची किंमत, प्रवाशांचा वेळ, अपघात, प्रदूषण हे सगळं धरावं लागतं. खासगी गाडीचे हप्ते, पेट्रोल आणि पार्किंग पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाहीत. ते नागरिकांच्या खिशातून जातात. पुढच्या अनेक वर्षांचा असा एकूण खर्च आजच्या किमतीत आणून दर प्रवाशामागे किती पडतो, ते काढतात. प्रवासी कमी असतील तिथे बस परवडते. गर्दी मोठी असली की मेट्रोचा दरडोई खर्च उतरतो. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडावा लागला. आजचं बांधकाम उद्याच्या पर्यायाच्या आड येणार असेल, तर तोही खर्चच.