चाकातला आवाज आणि बिलाचा कागद

गेल्या पावसाळ्यात मालेगावला नात्यातला निकाह होता. नाशिकहून सकाळी सातला निघालो. गाडी हे चालवत होते, शेजारी आमचा मोठा मुलगा, मागे मी, सासूबाई म्हणजे आमच्या अम्मी आणि दोन लहान मुलं. सफरची दुआ पढून झाली, मुलांनी बिस्किटांचे पुडे फोडले, पिंपळगाव बसवंत मागे पडलं. आणि मला तो आवाज ऐकू आला. घुं... घुं... घुं. दूरवर विमान चाललं असावं तसा. गाडीचा वेग वाढला की आवाज वाढे, कमी झाला की बसून जाई.

मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांच्या तोंडून मोठा काफ आणि छोटा काफ वेगळे काढून घेण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत कान जरा तिखट आहेत. ह्यांना म्हटलं, "हा तोच आवाज आहे. रमजानच्या आधी येत होता तो." हे म्हणाले, "बेरिंग तर नवीन टाकलंय. टायरचा असेल."

चांदवड ओलांडून राहुड घाटात पोहोचेपर्यंत घुंघुं जाऊन घरघर सुरू झाली. गाडीत जळकट वास आला. हे गाडी कडेला घेऊन उतरले. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. चाक इतकं तापलं होतं. शेजारून कांद्याचे ट्रक जात होते, पाऊस भुरभुरत होता, आणि अम्मी तस्बीह घेऊन गाडीत बसल्या होत्या. चांदवडहून एक मिस्त्री बोलावला. त्यानं जॅक लावला, चाकाला वरून आणि खालून धरून हलवलं. चाक हललं. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, या गाडीत आता बाया-पोरं बसवू नका."

अम्मी आणि मुलं एसटीनं निकाहला गेली. आम्ही गाडी टोइंग करून नाशिकला आणली. त्या दिवशी जे कळलं आणि त्यानंतरच्या महिनाभरात जे शिकले, ते या लेखात सांगते. गाडीची कामं पुरुषांची, असं समजून आपण बायका त्यातून अंग काढून घेतो. पण गाडीत बसतो आपण सगळेच.

बेरिंग करतं काय?

गाडीचं सगळं वजन शेवटी चार चाकांवर येतं. चाक फिरतं आणि त्याला धरणारा भाग स्थिर असतो. या दोहोंमध्ये घासाघीस होऊ नये म्हणून बेरिंग असतं: एक बाहेरचं कडं, एक आतलं कडं, मध्ये पोलादी गोळ्या किंवा रोलर, त्यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवणारी जाळी, आत ग्रीस आणि दोन्ही बाजूंनी सील. चांगल्या बेरिंगचं पोलाद साधं नसतं. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं, आणि ते तापवून, थंड करून कडक केलेलं असतं. गोळीचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळावा लागतो. बेरिंगची किंमत आपण या अचूकपणासाठी मोजतो.

बेरिंग चांगलं असेल, तर बऱ्याचदा लाख किलोमीटरच्या पुढेही तक्रार न करता चालतं. त्याचा मोठा दुश्मन पाणी. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि सील थोडं जरी जुनं असलं, तरी पाणी आणि माती आत जाते, ग्रीस खराब होतं, गोळ्यांना गंज धरतो. दुसरा दुश्मन खड्डे. तिसरा, पाच माणसांच्या गाडीत आठ माणसं आणि वर सामान, जे आपण ईदला आणि लग्नसराईत हमखास करतो.

आवाज कसा ओळखावा

बेरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, इंजिनाच्या नव्हे. उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबल्यावर जो आवाज येतो तो बेरिंगचा नाही. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा. बेरिंगचा आवाज दोन्हीकडे तसाच राहतो.

चाक कोणतं, हे वळणावर कळतं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घुंघुं वाढली, तर बहुधा डाव्या बाजूचं बेरिंग खराब आहे. डावीकडे वळताना वाढली, तर उजवं. पक्कं निदान मात्र गाडी उचलूनच होतं. चाक हातानं फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेरिंगची थरथर हाताला लागते. मग चाक वर-खाली धरून हलवून पाहायचं. त्यात ढिलेपणा असेल, तर गाडी तिथेच ठेवायची. अशा अवस्थेत चाक जाम होऊ शकतं, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात निखळूही शकतं.

आमची चूक

गाडी ज्या गॅरेजात नेली, तिथे माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. आठवीनंतर शाळा सुटली त्याची. "मॅडम, तुम्ही बसा," म्हणत त्यानं स्टूल पुसून दिलं आणि बेरिंग काढून माझ्यासमोर कागदावर ठेवलं. जाळी तुटलेली, गोळ्यांवर खड्डे पडलेले. त्यानं थिनरच्या बोळ्यानं कडं पुसलं. कंपनीचं नाव आणि नंबर बोळ्यावर उतरून आले. "डबा ओरिजिनल होता मॅडम, माल नव्हता," तो म्हणाला.

नकली माल असाच येतो. कधी हलक्या पोलादाचं बेरिंग नामांकित कंपनीच्या छापील डब्यात घातलेलं असतं. कधी भंगारातलं जुनं बेरिंग धुऊन, पॉलिश करून, नवं ग्रीस भरून विकलं जातं. चार महिने चालतं आणि घाटात दगा देतं.

पण सगळा दोष दुकानदाराच्या डोक्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. रमजानच्या आधी बेरिंग घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. एका दुकानात १,२५० रुपये सांगितले, दुसऱ्यात त्याच कंपनीच्या त्याच डब्याचे ४५०. "बिल हवं असेल तर जास्त पडतील," असंही दुसरा म्हणाला. आम्ही ४५० दिले आणि बिल घेतलं नाही. परत येताना आठशे वाचले म्हणून खुशीत होतो. नंतर तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "बिल दाखवा." आमच्याकडे उत्तर नव्हतं. टोइंगचे साडेतीन हजार मात्र रोख द्यावे लागले.

घेताना काय पाहावं

आधी नंबर. आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर यांवरून योग्य पार्ट नंबर काढून घ्यावा. दिसायला सारखी दोन बेरिंगं वेगळी असू शकतात. उर्दूत 'नबी' आणि 'बनी' या दोन शब्दांची रेघ एकच, फक्त नुक्ते वर-खाली होतात आणि अर्थ पार बदलतो. बेरिंगच्या नंबरचंही तसंच. मोटरसायकलच्या चाकात बऱ्याचदा ६३०१ सारखं साधं बेरिंग असतं. त्यातल्या शेवटच्या ०१ चा अर्थ आतलं भोक १२ मिलिमीटर. आकडा ०४ किंवा त्यापुढे असेल तर त्याला पाचनं गुणायचं; ६२०५ म्हणजे भोक २५ मिलिमीटर. नंबरापुढे 'झेड झेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, 'टू आर एस' असेल तर रबराचं सील. आपल्या पाऊस-चिखलाला रबराचं सील बरं. 'सी ३' म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा थोडी जास्त. ही अक्षरं जुन्या बेरिंगवर असतील, तशीच नव्यावर असली पाहिजेत.

मग कंपनी. गाडी बनवणाऱ्या कंपन्या बेरिंग सहसा स्वतः बनवत नाहीत. बेरिंगच्या कारखान्यांकडून घेऊन आपल्या डब्यात विकतात. त्यामुळे गाडीच्या कंपनीचा अस्सल पार्ट घ्या किंवा चांगल्या बेरिंग कंपनीचा, दोन्ही रस्ते ठीक आहेत. स्वीडनच्या एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे. एफएजी हा जर्मन शेफलरचा ब्रँड, त्यांचा कारखाना वडोदऱ्याला. एनबीसी जयपूरची, १९४६ पासूनची. टिमकेन जमशेदपूरला. शिवाय एनएसके, एनटीएन, कोयो हे जपानी ब्रँड आहेत. यांच्यात कोण श्रेष्ठ, या वादात पडण्यापेक्षा हातातला माल अस्सल आहे का, हा प्रश्न मोठा आहे.

तो कसा ओळखावा? कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याची यादी कंपनीकडून मिळते; तिथूनच घ्यावा. डब्यावर किंमत, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा पत्ता छापलेला असावा. पाकीटबंद मालावर तो कायद्यानंच लागतो. डब्यावरचा आणि बेरिंगवरचा नंबर जुळावा. अक्षरं कोरलेली असावीत, पुसून जाणारी नसावीत. अर्थात हुशार नकल करणारा अक्षरंही कोरतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. काही कंपन्यांच्या डब्यावर चौकोनी कोड असतो. जागतिक बेरिंग संघटनेच्या मोबाइल अॅपनं तो तपासता येतो. एसकेएफचं स्वतःचं अॅप आहे, त्यात फोटो पाठवला की त्यांचे जाणकार पाहून सांगतात. आणि भाव बाजारापेक्षा निम्म्याहून कमी असेल, तर तिथून उठावं. आम्ही उठलो नाही.

बसवणं हेही तितकंच महत्त्वाचं

अस्सल बेरिंग हातोड्यानं ठोकून बसवलं, तर ते बसवतानाच जखमी होतं. गोळ्यांचे बारीक डाग कड्यावर उमटतात आणि थोड्याच दिवसांत आवाज सुरू होतो. अनेक छोट्या गाड्यांचं पुढचं बेरिंग प्रेसवर दाबून बसवावं लागतं. बाहेरचं कडं बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा, हब घालताना आतल्या कड्याला आधार हवा. दाब गोळ्यांमधून गेला की बेरिंग वाया. म्हणून मिस्त्रीला आधीच विचारावं: प्रेस आहे का? एक्सलचा नट नवा टाकणार का? तो कंपनीनं सांगितलेल्या मापानं, टॉर्क पान्यानं आवळणार का?

ज्या गाड्यांना एबीएस आहे, त्यांपैकी कित्येकांच्या बेरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरकडेच यायला हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. जुन्या पद्धतीच्या टेपर रोलर बेरिंगमध्ये ग्रीस नीट भरावं लागतं, आणि आतला भाग नवा तर बाहेरचं कडंही नवंच टाकावं. सीलबंद बेरिंग मात्र धुऊ नये, त्यात जास्तीचं ग्रीसही भरू नये. डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा आणि जुना पार्ट मागून घ्यावा.

बिल हा आपला हक्क

बिलावर पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. माल नकली निघाला आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार करता येते. त्यानंही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुसऱ्याचं नाव छापून नकली माल विकणं हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण आपल्यासाठी कायद्याच्या आधी दीन आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला आणि बोटं ओली झाली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. पावसानं भिजलेलं धान्य वर ठेवायचं सोडून खाली दडवलं, यावर ते नाराज झाले आणि फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानलं नाही. नकली बेरिंगचा डबा म्हणजे वर कोरडं आणि खाली ओलं. कुरआनमधल्या एका सूरहचं नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलं आहे: मुतफ्फिफीन. आणि ऊंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण घेणाऱ्यालाही आहे. आम्ही दुआ पढून निघालो होतो, पण ऊंट मोकळाच होता. रस्त्यातला काटा उचलणं जर सदका आहे, तर निखळू शकणारं चाक घेऊन रस्त्यावर उतरणं काय आहे, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

नवं बेरिंग मी स्वतः जाऊन आणलं, बिलासकट. माझ्या विद्यार्थ्यानं डबा उघडण्याआधी त्याच्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला, मी बिलावरचा वाचला. शाळेत शुद्धलेखन तपासतो तसे आम्ही दोघं एकेक आकडा ताडून पाहत होतो. मजुरी विचारली तर "मॅडम, तुमच्याकडून काय घ्यायची," म्हणाला. मी त्याच्या हातात पूर्ण मजुरी ठेवली. खरं सांगणाऱ्याची मजुरी बुडवू नये.

वलीम्याला आम्ही पोहोचू शकलो नव्हतो, म्हणून महिन्याभरानं नवरा-नवरीला भेटायला पुन्हा मालेगावला निघालो. राहुड घाट आला तेव्हा मी खिडकी खाली करून कान लावला. वाऱ्याचा आवाज होता, टायरचा होता, बाकी काही नाही. मागे अम्मींना कधीच झोप लागली होती.