पैसे भरले, पण पुरावा कुठे?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ माझा एक भाचा राहतो. मराठी मुलगा अमेरिकेत गेला म्हणजे संगणकापुढे बसला, अशी आपली समजूत असते. हा मात्र ट्रक चालवतो. त्या भागात पंजाबी ट्रकवाले पुष्कळ. त्यांच्यातल्याच एका सरदारजींच्या हाताखाली तो शिकला आणि पुढे कर्ज काढून त्याने एक जुना ट्रक स्वतःचा केला. एका डिसेंबरात त्याचा फोन आला. "मामा, ट्रक दारात उभा आहे. कर भरलाय, बँकेतून पैसेही गेलेत, आणि तरी नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. पुरावा चालत नाही म्हणतात."

मी म्हणालो, "अरे, पावती दाखव आणि मोकळा हो." पण प्रकरण इतके सोपे नव्हते.

तिथे गाडीला नंबरप्लेट देते ते राज्य सरकार. अवजड ट्रकवर मात्र आणखी एक कर आहे आणि तो जातो थेट केंद्र सरकारच्या महसूल खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे. महामार्ग वापरल्याबद्दलचा हा वार्षिक कर. पैसे एका सरकारच्या दारात भरायचे आणि नंबरप्लेट दुसऱ्या सरकारच्या दारातून घ्यायची. हे दुसरे सरकार कर घेत नाही, पण तो भरल्याचे पाहिल्याशिवाय प्लेटही देत नाही. दोन्ही दारांना जोडणारा दुवा म्हणजे एक कागद. कराच्या 'फॉर्म २२९०'ला 'शेड्यूल १' नावाचे एक पान असते. त्यावर आयआरएसचा शिक्का उमटला, की तोच पुरावा.

कर तसा फार मोठा नाही. ५५,००० पौंड, म्हणजे सुमारे २५ टन किंवा त्याहून अधिक वजनाच्या वाहनाला तो लागू होतो. वजन म्हणजे रिकाम्या ट्रकचे नव्हे. ट्रक, त्याला नेहमी जोडला जाणारा ट्रेलर आणि त्यावर नेहमी लादला जाणारा जास्तीत जास्त माल, अशी सारी बेरीज. ५५,००० पौंडांना १०० डॉलर, त्यापुढे दर हजार पौंडांना २२ डॉलर आणि ७५,००० पौंडांच्या वर सरसकट ५५० डॉलर. लांब पल्ल्याचे मोठे ट्रक बहुतेक या शेवटच्या वर्गात येतात. कराचे वर्ष १ जुलै ते ३० जून. ज्या महिन्यात ट्रक पहिल्यांदा रस्त्यावर आला, त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत फॉर्म भरायचा. जुलैत चाक फिरले तर मुदत ३१ ऑगस्ट. भाच्याने ट्रक सप्टेंबरात घेतला. त्याला दहा महिन्यांचे ४५८ डॉलर ३३ सेंट पडले, ते त्याने ऑक्टोबर संपायच्या आत भरले.

हा फॉर्म भरायला 'एम्प्लॉयर' क्रमांक लागतो. मालक, चालक आणि वेळ आली तर हमाल, सगळे एकच. तरी क्रमांक नोकरी देणाऱ्याचा! तो ऑनलाइन लगेच मिळतो, पण खात्याच्या यंत्रणेत स्थिरावायला काही आठवडे जातात. म्हणून तिथले जाणते लोक सांगतात, ट्रक घेण्याचे मनात आले की आधी क्रमांक काढून ठेवा.

मग भाच्याचे अडले कुठे? सप्टेंबरात ट्रक घेतला तेव्हा नोंदणी विनासायास झाली, कारण साठ दिवसांच्या आत खरेदी केलेले वाहन असेल तर खरेदीखतावर काम भागते, कराचा पुरावा मागत नाहीत. वर्षअखेरीस नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी शेड्यूल १ मागितले. त्याने दिले. बाईंनी त्यावरचा क्रमांक आपल्या नोंदीशी ताडून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा कर तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रकचा भरला आहे."

प्रत्येक वाहनाला सतरा अक्षरे आणि आकड्यांचा एक ओळख क्रमांक असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत. एक आणि शून्य या आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून ती मुद्दाम वगळलेली आहेत. पण बी आणि आठ यांचे काय? भाच्याचा ट्रक जुना. दाराच्या चौकटीवरची पट्टी घासलेली. त्याने 'बी'च्या जागी आठ वाचला आणि फॉर्मवर तसाच लिहिला. पैसे सरकारला पोचले होते, शिक्काही खरा होता. पण कागदावरचा तो ट्रक जगात कुठे होता, देव जाणे.

त्याने बँकेचा उतारा पुढे केला. तो चालला नाही आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. ४५८ डॉलर गेले एवढेच उतारा सांगतो. कोणत्या ट्रकपायी गेले ते सांगत नाही. शिक्क्याची प्रत हाती नसेल, तर भरलेल्या फॉर्मची प्रत आणि सोबत पैसे वटल्याचा पुरावा, असे दोन्ही मिळून चालू शकते. पण त्या फॉर्मवरही आठच होता.

दुरुस्तीची सोय फॉर्मवरच आहे. 'वाहन क्रमांकाची दुरुस्ती' अशा चौकटीत खूण करून योग्य क्रमांक लिहायचा. जादा कर पडत नाही. भाच्याने तो कागद टपालाने पाठवला आणि वाट पाहत बसला. दोन आठवडे गेले. नाताळपूर्वीचे दिवस म्हणजे ट्रकवाल्यांची सुगी. मालाच्या खेपा हातच्या जात होत्या. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जात होता, विम्याचाही. शेवटी सरदारजींनी कान धरला. "टपालाने कशाला पाठवलंस? संगणकावरून भर." आयआरएस स्वतः हा फॉर्म ऑनलाइन भरून घेत नाही, त्याने मान्यता दिलेल्या खाजगी कंपन्या थोडी फी घेऊन तो पुढे पाठवतात. पंचवीस किंवा अधिक ट्रकांच्या मालकाला हाच मार्ग सक्तीचा आहे, इतरांना ऐच्छिक. त्या संध्याकाळी त्याने दुरुस्ती पाठवली आणि जेवण होईपर्यंत जलचिन्हाचे नवे पान पडद्यावर आले. दुसऱ्या दिवशी ट्रक रस्त्यावर!

हे ऐकताना मला आपल्या आरटीओतली एक जुनी रीत आठवली. चेसिस नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला चिकटवायचा. हाताला काळे लागते म्हणून मी आजवर तिला नावे ठेवीत आलो. ठशात मात्र 'बी'चा आठ होत नाही.

कर केंद्राचा आणि पहारा राज्याचा, ही व्यवस्था आली कुठून? १९५६ साली आयसेनहॉवर यांच्या काळात अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड काम हाती घेतले. खर्चासाठी वेगळा निधी उभारला आणि त्यासाठी जे कर बसवले त्यांत हाही एक होता. तेव्हा २६,००० पौंडांपुढच्या वाहनांना हजार पौंडांमागे दीड डॉलर इतकाच दर होता. विचार असा की जड वाहन रस्ता अधिक झिजवते. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले, तेव्हा दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. पण ट्रक कोणाचा, किती वजनाचा, याची नोंद राज्यांकडे. केंद्राने कर बुडवणाऱ्याला शोधायचे कसे? म्हणून १९८२च्या कायद्याने राज्यांना सांगितले, की पुरावा पाहिल्याशिवाय नोंदणी करू नका. केलीत तर रस्त्यांसाठी मिळणाऱ्या केंद्राच्या पैशांत कपात होईल. त्याच कायद्याने कराची कमाल मर्यादाही टप्प्याटप्प्याने १,९०० डॉलरपर्यंत जाणार होती. १९८३च्या आरंभी ट्रकमालकांनी संप केला. १९८४ साली ती मर्यादा ५५० डॉलरवर आणली गेली आणि भरपाई म्हणून डिझेलवरचा कर वाढवला. ते ५५० आजही तसेच आहेत.

आपल्याकडे वाहनावरचा कर घटनेनेच राज्याकडे दिला आहे. कर घेणारे आणि नोंदणी करणारे आरटीओ एकच, त्यामुळे राज्यातल्या राज्यात हा प्रश्न फारसा येत नाही. पण गाडी वर्षाहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची म्हटली, की नवा क्रमांक, ना हरकत दाखला आणि मागचा कर चुकता असल्याचा पुरावा आलाच. बदलीच्या नोकरीत ज्यांनी गाडी गुजरातेतून किंवा कर्नाटकातून आणली आहे, त्यांना माझ्या भाच्याचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

या कराच्या आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. ज्याचा ट्रक वर्षभरात ५,००० मैलांहून (शेतीच्या कामावरचा असेल तर ७,५०० मैलांहून) अधिक चालणार नाही, त्याला कर माफ आहे. फॉर्म मात्र त्यानेही भरायचा, कारण खिडकीवर शून्य कराचे का होईना, पण शिक्क्याचे पान लागतेच. आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांत नोंदणी असेल तर मागच्या वर्षाचे पान चालते; नव्या वर्षाचा फॉर्म तोवर अनेकांचा भरून झालेला नसतो.

भाचा आता हा ट्रक विकून थोडा नवा घ्यावा म्हणतो आहे. विक्रीनंतरच्या उरलेल्या महिन्यांचा कर त्याला परत मागता येईल. गिऱ्हाईकही सापडले आहे. ते म्हणते, कर भरलेलाच आहे, तर तुझेच शेड्यूल १ मला दे. ते चालत नाही. नव्या मालकाला स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या क्रमांकाने नवा फॉर्म भरावा लागतो. भाच्याने त्याला ट्रकच्या क्रमांकाचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो पाठवून दिला आहे.