सी-३ला लगाम

रक्तातील पूरक प्रणाली, म्हणजेच कॉम्प्लिमेंट, ही तिसाहून अधिक प्रथिनांची फौज आहे. जंतू शिरला की एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते आणि अखेरीस जंतूच्या आवरणाला छिद्र पडते. तिचे सगळे मार्ग 'सी-३' या प्रथिनापाशी एकत्र येतात. अडचण अशी, की ही फौज स्वकीयांवरही उलटू शकते. म्हणून आपल्या पेशींवर तिला रोखणारी नियंत्रक प्रथिने असतात. पीएनएच या दुर्मीळ रक्तविकारात तांबड्या पेशींवर त्यांतली काही नसतात आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटतात.

सी-३लाच अडवणारे १३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड अरविंद साहू, जॉन लँब्रिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत शोधले. १९९६ साली ते प्रसिद्ध झाले. हेच कॉम्पस्टॅटिन. पुढे साहू पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात विषाणूंकडे वळले. देवीच्या विषाणूचा भाऊबंद व्हॅक्सिनिया माणसाच्या नियंत्रकासारखेच प्रथिन बनवून ही फौज थोपवतो. लबाडी खरी, पण संशोधकांना शिकवणारी!

कॉम्पस्टॅटिनपासून घडवलेल्या पेगसेटाकोप्लान या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत पीएनएचसाठी मान्यता मिळाली. मात्र पूरक प्रणाली दबली की गंभीर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून रुग्णाला मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस यांविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात.