साडेबारा टक्के आणि बिल्डरची भागी



खंडकऱ्यांचा प्रश्न आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. खासगी कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत वाटायला २०१२ साल उजाडलं. पनवेलकडचा प्रश्न याच जातीचा, मात्र तिथे परत मिळाले ते शेत नव्हे, भूखंड.

कर्नाळ्याच्या सुळक्यावरून पनवेलचा सखल मुलूख दिसतो. एकेकाळी ही भाताची खाचरं आणि मिठागरं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्ताची किंमत म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

आता हिशेब बघा. एकराचे गुंठे चाळीस. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा, हाती साडेतीन गुंठे. तेही भाडेपट्ट्याने. पण शहरातले साडेतीन गुंठे! इमारत बांधायला शेतकऱ्याजवळ भांडवल कुठलं? म्हणून बिल्डर येतो: जमीन तुमची, पैसा आमचा, गाळे निम्मेनिम्मे. कधी भाडेपट्टाच त्रिपक्षीय कराराने बिल्डरच्या नावे होतो.

भांडण पेटतं ते इथे. निवाडा आजोबांच्या नावाचा, वारस पंधरा-वीस. थोरला भाऊ कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळा होतो, आणि सासरी गेलेल्या बहिणीला इमारत उभी राहिल्यावर कळतं. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे, हे बिल्डरला ठाऊक असतं. घरच्यांनाच ते आठवत नाही. मग दावा, मनाई हुकूम, अर्धवट सांगाडा. आमच्या मते ज्या गावांनी सरकारपुढे एकजूट दाखवली, तिथे घरातच फूट पडावी याचं कारण एवढंच की भागीत एकाचीच सही चालली.

आपल्याकडेही रस्त्यासाठी, वसाहतीसाठी संपादन होतंच. कोणी भागीदारीचा कागद पुढे केला तर आधी सगळ्या वारसांची नोंद लावून घ्या, बहिणींसकट. करारात आपले गाळे कोणते, कोणत्या मजल्यावर, किती मुदतीत, आणि मुदत टळली तर भाडं कोण देणार, हे लिहून घ्या. मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार दिला आहे का, तेवढी ओळ वकिलाकडून दोनदा वाचून घ्या.