उडी घोड्याची, शिधा माणसाचा

केंटकी म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तळलेली कोंबडी येते. खुद्द केंटकीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो घोडा. लेक्सिंग्टन शहराबाहेरच्या कुठल्याही रस्त्याला लागा. दोन्ही बाजूंना मैलोन् मैल फळ्यांची कुंपणं, आत दाट हिरवळ आणि त्या हिरवळीवर तकतकीत अंगाची जनावरं. इथल्या चुनखडीच्या जमिनीतलं पाणी घोड्याची हाडं मजबूत करतं, असं इथला प्रत्येक जण सांगतो. तेच पाणी बर्बन व्हिस्कीलाही मानवतं, हे न विचारता सांगतो. १९८५ साली याच शहरातल्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू १ कोटी ३१ लाख डॉलरना विकलं गेलं. तोवर ते एकही शर्यत धावलेलं नव्हतं.

या शहरातून मोटार पूर्वेला काढली की दोन-अडीच तासांत अ‍ॅपलेशियाच्या डोंगरातली खाणकामगारांची गावं लागतात. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणी बंद पडत गेल्या, माणसं तिथेच राहिली. १९६१ साली केनेडी सरकारने अन्नकुपनांचा प्रयोग देशात आठ ठिकाणी सुरू केला, त्यातलं एक ठिकाण इथली फ्लॉइड काउंटी होतं. एप्रिल १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन मार्टिन काउंटीतल्या एका बेकार माणसाच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले आणि ‘गरिबीविरुद्धच्या युद्धा’चं ते छायाचित्र गाजलं. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी याच दऱ्याखोऱ्यांतून हिंडून गेले. २०२२ च्या जुलैत पूर आला, ४० हून अधिक माणसं दगावली आणि होती नव्हती ती घरंही वाहून गेली.

घोड्यांचा मुलूख आणि खाणींचा मुलूख, या दोहोंच्या मधल्या एका गावात माझा यंत्रांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. कामगार चाळीसेक. घोड्याशी माझा संबंध लग्नात वरातीपुरता आला, तोही तासाभराचा. असं असताना गेली काही वर्षं वसंत ऋतूत इथल्या एका अश्वारोहण स्पर्धेत आमच्या कारखान्याच्या नावाचा फलक लागतो. त्या स्पर्धेची मिळकत जिल्ह्यातल्या उपाशी माणसांसाठी असते. घोड्यांच्या उड्या आणि भुकेल्यांचा शिधा यांचा मेळ कसा बसतो, असं पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा मला विचारतो, आणि त्याचं विचारणं रास्त आहे.

आधी खेळ सांगतो. मैदानात दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. खांबांवर आडवे रंगीत दांडे. उजवीकडे लाल निशाण, डावीकडे पांढरं, त्यांच्या मधूनच घोड्याने उडी मारायची. दांडा खोबणीत नुसता टेकवलेला असतो, म्हणजे खूर लागला तर दांडा पडावा, घोडा पडू नये. दांडा पडला की चार दोष. घोडा अडथळ्यापुढे अडून बसला तरी चार दोष. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ही उंची १ मीटर ६० सेंटिमीटरपर्यंत जाते. आमच्याकडे शाळकरी मुलीही उतरतात, त्यांचे अडथळे गुडघ्याएवढे. प्रत्येक अडथळ्याच्या दांड्याखाली एक फळी असते आणि त्या फळीवर प्रायोजकाचं नाव. म्हणजे ज्या अडथळ्यावरून घोड्याने सुखरूप जावं अशी सगळ्यांची इच्छा, तोच आपल्या नावाचा!

अशा धर्मादाय स्पर्धा ही अमेरिकेतली जुनी चाल आहे. पेन्सिल्व्हेनियातली डेव्हनची अश्वस्पर्धा १८९६ साली सुरू झाली आणि १९१९ पासून ती ब्रिन मॉर इथल्या इस्पितळासाठी पैसे उभे करते आहे. श्रीमंतांच्या खेळातून इस्पितळ चालतं, तर पोट का भरू नये, हा हिशेब कुणाच्या तरी डोक्यात येणारच होता.

आमच्या समितीच्या बाई पहिल्यांदा कारखान्यात आल्या त्या छापील दरपत्रक घेऊनच. अडथळ्यावर नाव हवं असेल तर इतके, मुख्य फेरीचा चषक इतके, रात्रीच्या जेवणाचं दहा खुर्च्यांचं टेबल इतके. माझा भागीदार नागपूरचा. बाई गेल्यावर तो म्हणाला, “अरे, अन्नासाठीच द्यायचे ना पैसे? मग चेक थेट फूड बँकेला पाठव. मधे घोडा कशाला?”

हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. त्याच्या उत्तरासाठी आधी फूड बँक काय असते हे पाहावं लागतं. १९६७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी पहिली फूड बँक काढली. दुकानांतून फेकलं जाणारं चांगलं अन्न एका ठिकाणी ठेवायचं आणि गरजूंनी तिथून न्यायचं, इतकी साधी कल्पना. आज ‘फीडिंग अमेरिका’ या संघटनेच्या जाळ्यात अशा सुमारे दोनशे बँका आहेत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बँक म्हणजे घाऊक कोठार. तिथून माल गावोगावच्या ‘पँट्री’त जातो, आणि पँट्री बहुधा चर्चच्या तळघरात असते. १९९६ च्या कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिलं, तेव्हापासून मोठी दुकानं माल द्यायला फारशी कचरत नाहीत. तरीही दानात येतं ते पाव, केक, गोड पेयं असं. डाळी-कडधान्यं, अंडी, दूध, मांस कमी. ते विकत घ्यावं लागतं. म्हणून तिथे रोख रक्कम डब्यांपेक्षा मोलाची. मी शेल्फावरून एक डबा घेतो त्या पैशांत कोठार मालमोटारीच्या भावाने कितीतरी जास्त घेतं.

तर भागीदाराचं म्हणणं हिशेबाने बिनचूक होतं. स्पर्धेला खर्च केवढा! परीक्षक, मार्ग आखणारा, वेळ मोजणारी यंत्रणा, पशुवैद्य, रुग्णवाहिका, विमा, मैदानातली वाळू, तात्पुरते तबेले, फिरती स्वच्छतागृहं, बक्षिसं. शिवाय जेवण. जेवणाचं टेबल घेतलं की सगळी रक्कम दान धरता येत नाही. ताटाची किंमत त्यातून वजा होते, आणि रक्कम ७५ डॉलरहून जास्त असली तर ती किंमत देणगीदाराला लेखी कळवणं संस्थेवर बंधनकारक आहे. अमेरिकी कर खातं या बाबतीत आपल्या जावयासारखं, मानपानातलं उणं-अधिक बरोबर मोजतं.

मी पैसे दिले. कारण एवढंच की त्या मैदानावर येणारे लोक मी दुसरीकडे कधीच पाहिले नव्हते. ज्यांच्या कुरणांशेजारून शाळेची बस जाते, पण बसमधली काही मुलं शुक्रवारी दुपारनंतर सोमवारच्या शाळेतल्या नाश्त्यापर्यंत अर्धपोटी असतात हे ज्यांना कुणी सांगितलेलं नाही, असे लोक. फूड बँकेचा माहितीपट दाखवायला बोलावलं असतं तर आले नसते. घोड्यासाठी येतात.

पण २०१९ च्या मे महिन्यात पाऊस लागला. मैदानाचा चिखल झाला, दुसरा दिवस रद्द करावा लागला. तबेल्यांचं भाडं, परीक्षकांचा प्रवास, तंबू, सगळं द्यावंच लागलं. ताळेबंद आला तेव्हा फूड बँकेच्या वाट्याची रक्कम वाचून मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही उरलंय का म्हणून. भुकेच्या नावाने गोळा झालेल्या पैशांतून वाळू आणि तंबू यांची बिलं फिटली होती. कुणी चोरी केली नव्हती. समितीतले लोक सज्जन, फुकट राबणारे. तरीही ज्या कुटुंबांच्या नावाने बोलावणं झालं, त्यांच्या ताटात काही पडलं नव्हतं.

त्या बैठकीत मी आणि आणखी दोन प्रायोजकांनी अट घातली. घोड्यांचा खर्च घोडेवाल्यांच्या प्रवेश फीतून आणि तबेल्याच्या भाड्यातून निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर बक्षिसं कमी करा, जेवणात मेण्या-झुंबरं नकोत. प्रायोजकांचे चेक स्पर्धेच्या नावाने निघणारच नाहीत. ते थेट फूड बँकेच्या नावाने निघतील, पाऊस पडो वा न पडो. दोन सभासद रागावून उठून गेले. एक बाई म्हणाल्या, अशाने चांगले घोडे येणार नाहीत. काही आले नाहीतही. मैदान जरा साधं झालं.

भारतात कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा कायदा २०१३ साली आला. २०१४ च्या परिपत्रकाने मॅरेथॉनसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च त्यात धरायला नकार दिला, आणि २०२१ च्या नियमांनी स्वतःच्या मालाची जाहिरात साधणारं प्रायोजकत्वही वगळलं. तो मजकूर वाचताना मला आमचा चिखल आठवला. मात्र २००४ पासून धावणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये माणसं एकेका संस्थेसाठी पैसे गोळा करतात, तेही मी विसरत नाही. निमित्त वाईट नसतं. पैसा कुठल्या खात्यात जातो हे आधी ठरलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तबेल्यांतून चक्कर मारतो. एका घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वैरण लागते. टिमोथी गवत, लसूणघास, वर ओटची चंदी. २०१९ नंतरच्या एका वर्षी पशुखाद्याच्या दुकानात पोती मोजत असताना एका पोत्यावर ‘मिलो’ हे अक्षर दिसलं आणि मी थांबलो. बहात्तरच्या दुष्काळात मी बीड जिल्ह्यात दुसरीत होतो. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याच्या भाकरी थापताना फाटायच्या, आई पाण्याचा हात लावून लावून त्या सांधायची. शाळेत सुकडी. अमेरिकेत हा मिलो जनावरं खातात, असं मोठी माणसं कुजबुजायची, आम्हाला ती थट्टा वाटे. खरंच खातात. पोत्याचा भाव विचारला, घेतलं मात्र नाही. हे मी भागीदाराला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. त्या वर्षीच्या चेकवर त्याने स्वतःहून सही केली.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ साली १३.५ टक्के घरांत, म्हणजे १ कोटी ८० लाख घरांत, वर्षभरात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये ही वार्षिक पाहणीच बंद करण्याचं त्या खात्याने जाहीर केलं. ताप मोजायचा नाही म्हणजे ताप नाही, हा उपाय आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांनाही अपरिचित नाही. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं, ते ४३ दिवस. नोव्हेंबरात अन्नकुपनांचे पैसे अडकले. देशात आठांतल्या एका माणसाला त्यांचा आधार आहे. आमच्या गावच्या पँट्रीपुढे त्या आठवड्यांत मोटारींची रांग महामार्गाला टेकली होती. प्रायोजकांचा पैसा कोठारात आधीच जमा होता म्हणून राजमा आणि पीनट बटर देता आलं. रांगेत माझ्या कारखान्यातली दोन माणसं होती. त्यांनी मला पाहिलं नाही अशा बेताने मी मागच्या दाराने आत गेलो. त्यानंतर पगाराचा कागद काढून बसलो. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं अजून काही झालेलं नाही, बोलणी चालू आहेत.

त्या रांगेत मला आणखी काही चेहरे ओळखीचे वाटले. हे आमच्या स्पर्धेतले मोतद्दार. पहाटे चारला उठून खरारा करणारे, घोड्याच्या पायाला पट्ट्या बांधणारे, मालकीणबाई चषक घेतात तेव्हा लगाम धरून फोटोच्या बाहेर उभे असणारे. पुष्कळसे मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेले. हंगामी व्हिसावर आलेल्या कामगाराला अन्नकुपनं मिळत नाहीत. आम्ही घोड्यांच्या आधाराने डोंगरातली भूक शोधत होतो, आणि ती तबेल्यातच गवताच्या गंजीआड उभी होती.

ही गोष्ट बैठकीत मांडली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मोतद्दारांची मजुरी हा मालकांचा खासगी प्रश्न आहे, असं एकाने सांगितलं. तो मुद्दा तिथेच अडला आहे, अडून बसलेल्या घोड्यासारखा. एवढं मात्र ठरलं की येत्या स्पर्धेत गुरुवारी संध्याकाळी पँट्रीची गाडी तबेल्यांच्या मागच्या फाटकाशी उभी राहील. त्यात केक-पाव नसतील; मक्याचं पीठ, काळा घेवडा, तांदूळ, तेल आणि अंडी असतील, कारण त्या माणसांनी तेच मागितलं. नाव, गाव, व्हिसा काहीही विचारायचं नाही.

खजिनदारांनी वही उघडून विचारलं, हा खर्च घोड्यांच्या बाजूला लिहू की प्रायोजकांच्या? मी म्हटलं, घोड्यांच्या. वाद अजून मिटलेला नाही.