आडत कोणाच्या खिशातून?
महाराष्ट्रात १९६३च्या बाजार समिती कायद्याने शेतमालाची घाऊक विक्री बाजार समितीच्या आवाराशी बांधली. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला त्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. वाशीसह अनेक बाजारांत व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद ठेवले. खरेदीदार आडतीएवढा भाव पाडून बोली लावेल, हा आक्षेप पोकळ नव्हता. तरीही दुरुस्ती योग्यच होती. पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाईसोबत आडतही कापली जाई. दुरुस्तीने निदान ती कपात त्याच्या माथ्यावरून उतरवली. मात्र आडत्या माल विकून देतो, उधारीची जोखीम घेतो, अडीनडीला उचलही देतो. ही सोय दुसरीकडे उभी राहिल्याशिवाय आवाराबाहेरची मोकळीक लहान शेतकऱ्याच्या फारशी कामी येत नाही.